कुत्र्याची केमो, माणसाची भीती

जबड्याखाली खाजवताना बोटांना सुपारीएवढी गाठ लागते. मग दुसऱ्या बाजूलाही तशीच. डॉक्टर सुईनं नमुना घेतात आणि अहवालात लिम्फोमा या कर्करोगाचं नाव येतं. त्यानंतर घरात जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा कुत्र्याबद्दल नसतेच. परळच्या टाटा रुग्णालयात कुणा काकांनी, कुणा आत्यानं जे सोसलं, ते सगळ्यांना आठवत असतं. गेलेले केस, उलट्या, अन्नावरची उडालेली वासना. ‘मुक्या जिवाला हे नको’ असं ठरतं आणि उपचाराचा विषय तिथंच मिटतो.

या निर्णयामागची माया खरी आहे, पण माहिती अपुरी आहे. ती पुरवण्याची जबाबदारी पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी घ्यायला हवी.

औषधं तीच असतात: सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि जोडीला प्रेडनिसोलोन. फरक उद्दिष्टात आहे. माणसाच्या बाबतीत रोग मुळासकट काढायचा म्हणून मोठा त्रास पत्करला जातो. कुत्र्याच्या बाबतीत चांगले महिने मिळवायचे असतात, म्हणून मात्रा बेतानं ठेवतात आणि त्रास वाढला तर ती आणखी कमी करतात किंवा पुढचा डोस लांबवतात. बहुतेक कुत्र्यांचे केस गळत नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींत ते विरळ होतात, काहींच्या मिशा झडतात. एखाद-दोन दिवस पोट बिघडतं, भूक मंदावते. उपचारच केला नाही, तर लिम्फोमाचा कुत्रा साधारण महिना-दीड महिना काढतो. या औषधांच्या एकत्रित उपचारानं बहुसंख्य कुत्र्यांच्या गाठी विरतात आणि सर्वसाधारणपणे वर्षभराचं आयुष्य मिळतं. टी-पेशींचा प्रकार असेल तर त्याहून कमी. कायमचे बरे होणारे थोडेच, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. तरी ज्या लॅब्रॅडॉरचं सारं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, त्याच्यासाठी एक वर्ष लहान नाही.

यातलं व्हिन्क्रिस्टिन मुळात सदाफुलीतून मिळालं. आपल्याकडे कुंपणाशी न लावताही उगवणारी हीच ती सदाफुली. आणि या औषधाची सर्वांत दिलासा देणारी गोष्ट घरातल्या कुत्र्यांपेक्षा रस्त्यावरच्या कुत्र्यांत दिसते. भटक्या कुत्र्यांना जननेंद्रियावर रक्ताळलेली, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ होते. ही टीव्हीटी नावाची गाठ. समागमातून किंवा चाटण्यातून कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच प्राण्याच्या शरीरात सुरू झालेला हा रोग आजही जगभर फिरतो आहे. तरीही आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टिन, असे साधारण चार ते सहा डोस मिळाले की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. अडचण असते ती दर आठवड्याला तोच कुत्रा पकडण्याची. सुई शिरेतच राहावी लागते. औषध बाहेर झिरपलं तर तिथलं मांस सडतं. म्हणून धरणारा माणूस त्या कुत्र्याच्या ओळखीचा हवा. गल्लीत रोज खाऊ घालणाऱ्या बाईंना ‘घाण करता’ म्हणून हाकलणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की त्या कुत्र्याला शांत धरू शकेल अशी व्यक्ती बहुधा त्याच असतात.

घरच्या कुत्र्याची शुश्रूषा बारीकसारीक कामांची असते. प्रेडनिसोलोन सुरू झालं की तो सारखा पाणी पितो, रात्री दोनदा दाराशी जाऊन उभा राहतो, ओट्याखाली नाक खुपसून भाकरीचा तुकडा शोधतो. पाणी कमी करायचं नाही. सायक्लोफॉस्फामाइडनं मूत्राशयाला इजा होऊ शकते, म्हणून लघवी वरचेवर व्हायलाच हवी. केमोनंतर दोन-तीन दिवस त्याची शी-शू आणि उलटी हातमोजे घालूनच साफ करायची, आणि गरोदर बाईनं वा लहान मुलांनी त्या कामाला हात लावायचा नाही. गोळी कुटून दहीभातात कालवायची नाही. सुमारे आठवड्यानं पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, तेव्हा थर्मामीटर हाताशी हवा. ताप 103 अंशांच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा. घरातली पॅरासिटामॉल मुळीच द्यायची नाही.

आणखी एक. ‘सूज उतरेल’ म्हणून निदानाआधीच स्टेरॉइड देणं थांबायला हवं. गाठी काही दिवस बसतात खऱ्या, पण निदान अवघड होतं आणि पुढे केमोचा गुणही कमी येतो.

खर्च मोठा असतो आणि तो सगळ्यांना झेपत नाही. ज्यांना झेपत नाही त्यांनी वेदनाशामक आणि घरची काळजी एवढंच निवडलं, तर त्यांचं प्रेम उणं ठरत नाही. मात्र काही गोष्टींना पैसे लागतच नाहीत. हाडाच्या कर्करोगात पाय काढलेला रॉटवायलर तीन पायांवर चालायला लवकर शिकतो. चार मजले चढणं मात्र त्याला जड जातं. तरी पुण्या-मुंबईच्या किती सोसायट्यांच्या लिफ्टवर ‘कुत्र्यांना मनाई’ची पाटी आहे! पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कमिटीनं ती पाटी आजच काढावी.

कधी थांबायचं, हा प्रश्न सगळ्यांत कठीण. अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी त्यासाठी एक मोजपट्टी दिली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करणाऱ्या घराला उत्तर लवकर दिसतं. नाहीतर कालच्या वाईट रात्रीनं घाईचा निर्णय होतो, किंवा आजच्या एका शेपटी हलवण्यानं तो महिनाभर पुढे जातो. शेवटच्या इंजेक्शनाबद्दलचं बोलणंही उपचार सुरू होतानाच व्हावं. आधी गुंगीचं औषध देतात, मग दुसरं. डॉक्टर घरी येतील का, मुलांना काय आणि कोण सांगणार, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हे कुत्रा अजून फिरायला ओढत नेत असतो तेव्हा विचारून घ्यावं.