गुणवत्ता कोण ठरवतो?

आरक्षणाचा विषय निघाला की गुणवत्तावाले परीक्षेचे गुण पुढे करतात. त्यांनी जरा इंग्लंडचा इतिहास पाहावा. तेथे 1944 च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत झाले. पण अकराव्या वर्षीच परीक्षा घेऊन मुलांची वाटणीही झाली. निवडक मुले ग्रामर स्कूलमध्ये. कामगारांची बहुतेक मुले पुढे खाणीत, कारखान्यात. सॅलफर्डच्या कामगार घरातली शेला डिलेनी या परीक्षेत नापास झाली. तिचेच ‘अ टेस्ट ऑफ हनी’ हे नाटक 1958 साली लंडनच्या रंगमंचावर आले, तेव्हा ती अवघी 19 वर्षांची होती! गरीब गोरी मुलगी आणि काळा खलाशी यांचे नाते प्रस्थापित नाटककारांना कुठे दिसत होते?

त्याच वर्षी मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे करत होते. त्यांची शाळा दीड दिवसाची.

खाणकामगाराचा मुलगा बॅरी हाइन्स याने 1968 च्या कादंबरीत बिली उभा केला. शाळेच्या लेखी हा पोरगा कुचकामी. पण तो पुस्तक चोरून वाचतो आणि ससाणा माणसाळवतो. केन लोच यांनी 1969 च्या चित्रपटात त्याची बोली तशीच ठेवली.

इंग्लंडमध्ये 2012 पासून विद्यापीठाचे शुल्क वर्षाला 9,000 पौंडांपर्यंत गेले. आता चाळणी पैशाची आहे. आपल्याकडे शिष्यवृत्ती रखडते, तेव्हा हीच चाळणी लागते. तिला मात्र कोणी गुणवत्ता म्हणत नाही.