'नाव जुळत नाही' म्हणजे नेमकं काय?

"सर्व्हरनं नाव नाकारलं." खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला हे असं ऐकवतात, जणू सर्व्हर कुणी काझी आहे. मी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, अशाच सेवांच्या स्क्रिप्ट लिहितो. सर्व्हर विचारलं तेवढंच सांगतो. त्याला काय विचारायचं, हे आम्ही लिहितो.

आधारची पडताळणी घ्या. ही विनंती एक्सएमएलमध्ये जाते. एक्सएमएल म्हणजे रकान्यांचा अर्जच. स्क्रिप्ट यादीतली एकेक ओळ उचलते आणि नाव, जन्मतारीख, पत्ता त्यात भरते. यूआयडीएआयच्या नमुन्यात नावासोबत आणखी एक गोष्ट सांगता येते: नाव तंतोतंत जुळायला हवं, की अंशतः चालेल, आणि चालेल तर शंभरपैकी किती. काहीच सांगितलं नाही, तर 'तंतोतंत' धरलं जातं. मी पाहिलेल्या बऱ्याच स्क्रिप्टांत कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं.

आता मराठवाड्यातली आपली नावं बघा. शाळेच्या टीसीवर 'शेख सलीम शेख करीम', आधारवर 'सलीम करीम शेख'. माणूस एकच. अंशतः जुळवणीत शब्दांचा क्रम आडवा येत नाही, तंतोतंतमध्ये येतो. मोहम्मदचं 'मो.' झालं, सय्यदचं स्पेलिंग बदललं, तर मात्र अंशतः जुळवणीनंही सगळं सुटत नाही, हे मान्य. पण जे सुटतं, ते तरी का सोडवू नये?

पत्त्याचंही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. जुन्या कागदावर एक, नव्या यादीत दुसरं. इथं हिंदू-मुसलमान सगळेच अडकतात.

आपले काही पुढारी यात लगेच कट शोधतात. मला कट दिसत नाही, आळस दिसतो. आणि त्यात मीही आहे. सुरुवातीला मी एक्सएमएल मजकुराचे तुकडे नुसते चिकटवून बनवायचो. एकाच्या पत्त्यात खूण म्हणून 'फर्निचर & स्टील दुकानाजवळ' होतं. एक्सएमएलमध्ये '&' तसंच्या तसं चालत नाही. त्यासाठी तयार लायब्ररी असतात, त्या असली चिन्हं आपोआप बदलून घेतात. मी ती वापरली नव्हती. विनंती फुटली, पडद्यावर 'माहिती जुळत नाही' आलं, आणि तो माणूस रोजगार बुडवून ॲफिडेव्हिट करायला कोर्टाच्या आवारात गेला. चूक माझी, खर्च त्याचा.

खरं तर सर्व्हरनं कारण सांगितलं होतं. नावासारखी मूळ माहिती जुळली नाही तर उत्तरात १०० हा क्रमांक येतो, पत्ता जुळला नाही तर २००, आणि आतलं एक्सएमएलच बिघडलेलं असेल तर ५११. शेवटच्यात नागरिकाचा काडीचा दोष नसतो. पण मी तिन्हींसाठी एकच वाक्य लिहून ठेवलं होतं. का? सोपं होतं म्हणून.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मित्रांनो, तीन क्रमांकांची तीन वाक्यं लिहायला दहा मिनिटं लागतात. आणि खिडकीवरच्या भावांनो, बहिणींनो, ॲफिडेव्हिटच्या वाटेला लागण्याआधी विचारा: "साहेब, एररचा नंबर काय आलाय?"