उणे टी-स्कोर, उणी चौकशी

२० ऑक्टोबरचा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन जवळ आला की सोसायट्यांच्या हॉलमध्ये हाडांच्या मोफत तपासणीची शिबिरे लागतात. टाचेला जेल लावायची, पाय यंत्रात ठेवायचा. काही मिनिटांत ‘उणे २.८’ असे छापलेली चिठ्ठी हातात पडते. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी आणि घाबरलेली बाई फॅमिली डॉक्टरसमोर येतात. कॅल्शियमच्या गोळ्या आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी लिहून देऊन प्रकरण बहुधा तिथेच मिटते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखलेली ऑस्टिओपोरोसिसची रेषा, म्हणजे टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडांशी केलेली तुलना) उणे २.५, ही डेक्सा या क्ष-किरण तपासणीने मोजलेल्या हाडांच्या घनतेसाठी आहे. टाचेच्या अल्ट्रासाउंडला ती लावता येत नाही. त्यामुळे शिबिराची चिठ्ठी पाहून औषध सुरू करू नये, आणि ती टोपलीतही टाकू नये. पुढची चौकशी करायला ते एक निमित्त आहे, एवढेच.

बरे, डेक्सा करून घेतली तरी काम संपत नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मणका सोडून इतर हाडे मोडलेल्या स्त्रियांपैकी फक्त ४४ टक्के स्त्रियांचा टी-स्कोर उणे २.५च्या खाली होता. पुरुषांमध्ये तर २१ टक्केच. बाकीच्यांचे रिपोर्ट ‘ऑस्टिओपोरोसिस नाही’ असेच सांगत होते. त्यात सत्तरीतल्या कमरेला हाडाचे काटे वाढलेले असतात, महाधमनीत कॅल्शियम साचलेले असते, आणि यंत्र ते सगळे घनतेतच धरते. कमरेचा आकडा छान आणि खुब्याचा वाईट आला, तर विश्वास खुब्यावर ठेवावा.

जोखीम ठरते ती घनता आणि रुग्णाचा इतिहास एकत्र मांडल्यावर. शेफिल्ड विद्यापीठात तयार होऊन २००८ साली खुले झालेले ‘फ्रॅक्स’ नेमके हेच करते. वय, वजन, उंची, आधीचे फ्रॅक्चर, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, मद्य, स्टिरॉइड, ऱ्हुमॅटॉइड संधिवात हे भरले की पुढच्या १० वर्षांतला फ्रॅक्चरचा धोका टक्क्यांत मिळतो. डेक्सा नसली तरी चालते. मात्र मूळ गणितात रुग्ण किती वेळा पडला याला जागा नाही, आणि टाइप २ मधुमेहाचा वेगळा रकाना नाही. आपल्याकडे ही दुसरी उणीव महागात पडते. मधुमेह्यांची घनता चांगली दिसूनही हाड मोडते. म्हणून त्यांच्यासाठी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रकान्यात ‘हो’ भरण्याची तडजोड तज्ज्ञ सुचवतात. आणखी एक भान हवे: उपचार सुरू करण्याची, प्रमुख फ्रॅक्चरसाठी २० आणि खुब्यासाठी ३ टक्क्यांची मर्यादा अमेरिकेतल्या खर्चाच्या हिशेबातून आली आहे.

इंटरनेट नसलेल्या दवाखान्यात ‘ओस्टा’ पुरते. आठ आशियाई देशांतल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांच्या माहितीवर ते बेतलेले आहे: किलोतल्या वजनातून वय वजा करायचे आणि ०.२ने गुणायचे. ७० वर्षांच्या, ४५ किलोच्या आजीबाईंचे उत्तर येते उणे ५. उणे ४च्या खाली घनता कमी असण्याची शक्यता मोठी, म्हणजे त्यांना डेक्साला पाठवायचे.

खरी हेळसांड मात्र गणितात होत नाही, ती प्लास्टर रूममध्ये होते. अठ्ठावन्न वर्षांची बाई मोरीत घसरते, हात टेकते, मनगट मोडते. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली वर्णन केलेलेच हे फ्रॅक्चर. एक्स-रे होतो, हाड बसवले जाते, प्लास्टर चढते, सहा आठवड्यांनी निघते, बोटांचे व्यायाम शिकवले जातात. उभ्या उंचीवरून पडल्यावर एवढे हाड मोडलेच कसे, हे ऑर्थोपेडिक सर्जन विचारत नाहीत, कारण ते फिजिशियनचे काम. फिजिशियन विचारत नाहीत, कारण रुग्ण सर्जनचा. ग्लासगोमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस यावर साधा तोडगा निघाला. पन्नाशीपुढच्या फ्रॅक्चरच्या रुग्णांना गाठून त्यांची हाडांची तपासणी आणि उपचार मार्गी लावण्याचे काम खास परिचारिकांकडे सोपवले गेले. त्यासाठी मोठे यंत्र नव्हे, जबाबदार माणूस लागतो.

मणक्याची बहुतेक फ्रॅक्चर तर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ‘परकर जमिनीला लागायला लागलाय’ असे एखादी आजी हसत सांगते. तिची उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली, तर पाठीचा एक्स-रे काढायलाच हवा. सांधेदुखीवर ती कुणाच्या बिननावाच्या पुड्या घेत असेल, तर त्यांत स्टिरॉइड असण्याची शंका धरावी.

खुबा मोडल्यावरही उशीर झालेला नसतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक अॅसिडचे वार्षिक इंजेक्शन सुरू केलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. तरीही अनेक डिस्चार्ज कार्डांवर रक्त पातळ करण्याचे औषध असते, हाडाचे नसते.

पन्नाशीपुढच्या प्रत्येक केसपेपरवर चार नोंदी हव्यात: आधीचे फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा, स्टिरॉइड आणि गेल्या वर्षभरातले पडणे. फ्रॅक्चरच्या रुग्णाबाबत त्या, निदान प्लास्टर काढण्याच्या दिवशी तरी, पूर्ण कराव्यात.