कुलुपांतलें भूत आणि तिष्ठणारा रसिक

“एका भुताच्या चित्रपटासाठीं शहाण्यासुरत्या माणसांनीं दोन वर्षें डोळ्यांत प्राण आणून बसावें, याहून हास्यास्पद तें काय?” असा प्रश्न आमच्या एका विद्वान स्नेह्यांनीं परवां आम्हांस केला. अमेरिकेंतील “ट्रिक ’र ट्रीट” या भयपटाची हकीकत आम्ही त्यांस सांगत होतों. ती संपण्यापूर्वींच त्यांनीं निकाल दिला. हा निकाल आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांच्या मताचा निदर्शक असल्यामुळें त्याचा समाचार घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें. आमचें मत याच्या नेमकें उलट आहे. या प्रकरणांत हंसण्यासारखें कोणाचें वर्तन असेल, तर तें तयार झालेली कृति कुलुपांत घालून किल्ली खिशांत टाकणाऱ्या धन्याचें; दाराशीं तिष्ठत बसलेल्या रसिकाचें खास नव्हे.

आधीं हॉलोवीन म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. ख्रिस्ती पंचांगांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याच्या आदल्या रात्रीस, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्रीस, हॉलोवीन म्हणतात. केल्ट लोकांच्या ‘साविन’ नामक जुन्या ऋतुसंधीच्या उत्सवाशीं त्याचा संबंध जोडण्यांत येतो, आणि त्या रात्रीं मृतांचा लोक व जिवंतांचा लोक यांमधील पडदा विरळ होतो अशी समजूत आहे. एकोणिसाव्या शतकांत आयर्लंड व स्कॉटलंड येथून देशांतर करणाऱ्या कुटुंबांबरोबर हा सण अमेरिकेंत रुजला. तेथें सलगमाऐवजीं भोपळा कोरून त्यांत दिवा लावण्याची चाल पडली. आणि विसाव्या शतकांत सोंगें घेतलेलीं मुलें दारोदार जाऊन “खाऊ द्या, नाहीं तर खोडी काढूं” असें म्हणूं लागलीं. आपल्याकडील सर्वपित्री अमावास्येमागची पूर्वजांची आठवण आणि शिमग्यांत लाकडें-गोवऱ्या मागत फिरणाऱ्या पोरांचा व्रात्यपणा, या दोहोंचें मिश्रण केलें म्हणजे या सणाची थोडीबहुत कल्पना येईल. शिमग्याला लाकूड न देणाऱ्याच्या परसांतला ओंडका रात्रींतून कसा नाहींसा होतो, हें आमच्या वयाच्या वाचकांस सांगावयास नको.

मायकेल डॉहर्टी या दिग्दर्शकानें विद्यार्थिदशेंत, १९९६ सालीं, हातानें काढलेल्या चित्रांचा एक लघुपट केला व त्यांत सॅम नांवाचें एक पात्र निर्माण केलें. नारिंगी कपड्यांतलें, डोक्यावर गोणपाटाची पिशवी ओढलेलें असें हें एक लहानगें पोर. पुढें तेंच पात्र मध्यें ठेवून त्यानें “ट्रिक ’र ट्रीट” लिहिला व दिग्दर्शित केला. ओहायो राज्यांतील एका कल्पित गांवांत हॉलोवीनच्या एकाच रात्रीं घडणाऱ्या चार कथा त्यांत एकमेकींत गुंफल्या आहेत. सॅम हा त्या रात्रीच्या रीतिभातींचा रखवालदार. रात्र सरण्यापूर्वींच भोपळ्यांतला दिवा विझविणाऱ्या बाईस प्राणांस मुकावें लागतें. आणि मुलांस खाऊ न देतां हुसकून लावणाऱ्या एका खाष्ट म्हाताऱ्याच्या घरांत शिरून सॅम त्याची दाणादाण उडवितो. परंतु या कथेचा शेवट पाहण्यासारखा आहे. झटापटींत म्हाताऱ्याच्या अंगावर पडलेली चॉकलेटची वडी हातीं लागतांच तें पोर निमूटपणें चालतें होतें! त्याला आपलें देणें तेवढें हवें होतें. दाराशीं आलेल्यास विन्मुख धाडूं नये, हा आपल्या आजीबाईंनीं नातवंडांस शिकविलेला धर्मच या रक्तबंबाळ चित्रपटाचा गाभा आहे.

अशा या चित्रपटाच्या वाट्यास काय आलें? तो ५ ऑक्टोबर २००७ रोजीं प्रदर्शित व्हावयाचा होता. चित्रपट तयार होता, तारीख ठरली होती, सणाचा महिना तोंडावर होता. परंतु वितरण करणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीनें तो आपल्या यादींतून काढून घेतला. काढला तो काढला, पण रसिकांस पटेल असा खुलासाही केला नाहीं. मग तर्ककुतर्कांस ऊत आला. दर वर्षीं याच सुमारास येणाऱ्या “सॉ” मालिकेशीं टक्कर नको म्हणून तो मागें घेतला, असें कोणी म्हणालें. अनेक कथांच्या माळेस गिऱ्हाईक मिळत नाहीं अशी व्यापाऱ्यांस धास्ती पडली, असें कोणी म्हणालें. या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. धनी बोलत नाहीं तेथें वावड्या उठणारच. त्यांचा दोष वाट पाहणाऱ्यांच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें आहे.

डिसेंबर २००७ मध्यें टेक्सास राज्यांतील ऑस्टिन शहरीं रसिकांच्या एका मेळाव्यांत हा चित्रपट प्रथम दाखविण्यांत आला. पुढें कांहीं मोजक्या महोत्सवांतून त्याचे तुरळक खेळ झाले. ज्यांनीं पाहिला त्यांनीं न पाहिलेल्यांस सांगितलें, आणि न पाहिलेल्यांनीं मागणीचा लकडा लावला. अखेर ६ ऑक्टोबर २००९ रोजीं, अमेरिकेंतील सार्वत्रिक प्रदर्शनाचा मान न मिळतां, तो तबकडीच्या रूपानें थेट दुकानांत आला. दोन हॉलोवीन रिते गेले. परंतु ज्याला गिऱ्हाईक नाहीं अशी शंका होती त्याचें पुढें काय झालें? हॉलोवीन आला कीं हा चित्रपट पाहावयाचा, असा कित्येक घरांचा कुळाचार होऊन बसला. २०१८ सालीं अमेरिकेंतील युनिव्हर्सल कंपनीच्या उद्यानांत त्याच्या कथानकावर भुताटकीचीं घरें उभारण्यांत आलीं. आणि ठरल्या तारखेनंतर पंधरा वर्षांनीं, २०२२ च्या ऑक्टोबरांत, तो तेथील चित्रगृहांत लागला. व्यापाऱ्यांचा अंदाज चुकला होता व तिष्ठणाऱ्यांची पारख खरी होती, याला आणखी पुरावा तो कोणता हवा?

आतां आमच्या स्नेह्यांचे आक्षेप घेऊं. त्यांचा पहिला आक्षेप असा कीं, हें सारें भुताखेतांचें. यांत रसिकता कसली? एखाद्या अभिजात नाटकासाठीं कोणी ताटकळला असता तर गोष्ट वेगळी. हा भेद आम्हांस मान्य नाहीं. भरतमुनींनीं नाट्यरसांची गणना केली तेव्हां भयानक व बीभत्स यांस शृंगार आणि करुण यांच्याच पंगतीस बसविलें. त्यांचें पान वेगळें मांडलें नाहीं. वेताळपंचविशी ऐकत आपल्या कित्येक पिढ्या अंथरुणांत पाय आंखडून झोंपल्या. नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा ज्या घरांत दडून वाचल्या गेल्या नाहींत, असें वाचणारें मराठी घर विरळाच. भयकथेंत कोणता नियम मोडला म्हणजे कोणतें शासन होतें, यावरून तो समाज कशास पवित्र मानतो हें कळतें. हें कार्य उच्च नव्हे असें कोण म्हणेल?

याच संदर्भांत “तुंबाड” या हिंदी चित्रपटाचें उदाहरण आम्हांस आठवतें. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाची प्रेरणा धारपांच्या एका कथेंत आहे. चित्रीकरणास आरंभ झाला २०१२ सालीं. चित्रपट पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं. त्या वेळीं त्यास बेताचाच आश्रय मिळाला. परंतु ज्यांनीं तो पाहिला त्यांनीं त्याचें नांव विझूं दिलें नाहीं. आणि सप्टेंबर २०२४ मध्यें तो पुन्हां प्रदर्शित झाला तेव्हां त्यानें पहिल्या वेळेपेक्षां अधिक उत्पन्न मिळविलें. भयपटाचा प्रेक्षक हा उथळ, आज आला उद्यां गेला, असें मानणारांनीं या दोन उदाहरणांचें उत्तर द्यावें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. “पैका ज्याचा, माल त्याचा, विकणें न विकणें ही त्याची खुशी,” असें आमचे स्नेही म्हणाले. शेत, घर किंवा कापडाचा गठ्ठा यांच्या बाबतींत हें बोलणें शोभेल. परंतु कृतीवरील हक्काची जात निराळी आहे. तो हक्क समाजानें कायद्यानें निर्माण केला, आणि कांहीं हेतूनें निर्माण केला. इंग्लंडांत १७१० सालीं या विषयावरचा जो प्रसिद्ध कायदा झाला, त्याच्या मथळ्यांतच विद्येस उत्तेजन देणें हा हेतु सांगितलेला आहे. लोकांपुढें कृति यावी म्हणून समाजानें कांहीं काळ मक्ता दिला. त्या मक्त्याचाच उपयोग ती लोकांपासून दडविण्याकडे करणें म्हणजे पाणपोईसाठीं मिळालेल्या जागेवर कुंपण घालणें होय. आपल्या १९५७ च्या कायद्याचें ३१ वें कलम या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. एकदां प्रसिद्ध झालेली वा लोकांपुढें आलेली कृति पुन्हां प्रसिद्ध करण्यास किंवा तिचा प्रयोग होऊं देण्यास मालक नकार देईल व त्यामुळें लोक तिला मुकतील, तर योग्य मोबदला देववून दुसऱ्यास तशी परवानगी देण्याची त्यांत तरतूद आहे. हा कायदा अमेरिकेंतील कंपनीस लागू नाहीं, आणि जी कृति मुळींच बाहेर आली नाहीं तिच्याकरितां हें कलम नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु मालकी म्हणजे दडविण्याची अनिर्बंध सत्ता नव्हे, हें तत्त्व आपल्या विधिमंडळानें मान्य केलें आहे, आणि आम्हांस एवढेंच दाखवावयाचें होतें.

शिवाय, माल त्याचा हें तरी कितपत खरें? पैका कंपनीचा असेल; परंतु लेखक, नट, छायालेखक, संगीतकार, वेशभूषा करणारे यांचे श्रम त्यांत असतात, आणि वेतन चुकतें झालें म्हणून श्रमांचा हेतु चुकता होत नाहीं. कोणी नट कपाटांत ठेवण्यासाठीं अभिनय करीत नाहीं. “ट्रिक ’र ट्रीट” निदान दोन वर्षांनीं सुटला. ऑगस्ट २०२२ मध्यें त्याच कंपनीच्या पुढील अवतारानें चित्रीकरण पुरें झालेला “बॅटगर्ल” हा चित्रपट कधींच न दाखविण्याचें ठरविलें. कराच्या हिशेबांत तो बुडीत दाखविणें सोयीचें, असें त्याचें कारण वृत्तपत्रांतून सांगण्यांत आलें. नोव्हेंबर २०२३ मध्यें “कायोटी विरुद्ध ॲक्मी” या पुऱ्या झालेल्या चित्रपटाबाबत तसाच निर्णय झाला. परंतु या वेळीं कलावंत व प्रेक्षक यांनीं असा गिल्ला केला कीं तो अन्य वितरकांस दाखविणें भाग पडलें, आणि २०२५ सालीं तो दुसऱ्या कंपनीनें विकत घेतला. ज्यांस आमचे स्नेही रिकामटेकडे म्हणतात त्यांच्या ओरडण्याचें हें फळ आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणींतून वर आली ती लोकांच्या मुखीं होती म्हणून, असेंही मानणारे पुष्कळ आहेत. कृतीचा शेवटचा राखणदार तिचा रसिकच असतो.

येथें आमच्या पक्षाची मर्यादाही सांगून टाकतों. प्रत्येक विलंब हा अपराध असतो असें आमचें म्हणणें नाहीं. “हॉलोवीन किल्स” हा चित्रपट १६ ऑक्टोबर २०२० रोजीं यावयाचा होता. साथीमुळें चित्रगृहें ओस पडलीं होतीं. तेव्हां निर्मात्यांनीं तीन महिने आधींच निवेदन काढून कारण सांगितलें व १५ ऑक्टोबर २०२१ ही नवी तारीख दिली. एक वर्षाचा विलंब, पण ती तारीख पाळली गेली. त्याविषयीं तक्रार करणारास आम्हीही हट्टी म्हणूं. तसेंच, वाट पाहिली म्हणून चित्रपट आपल्या लहरीप्रमाणें बदलून मागण्याचा अधिकार रसिकास मिळत नाहीं. आणि चोरून पाहणें हा तर उपायच नव्हे. कृति कशी असावी हें कर्त्यानें ठरवावें. तिनें लोकांपुढें यावें एवढेंच रसिकानें मागावें. आम्हीं जें मागतों तें फार नाहीं. तयार झालेली कृति रोखावयाची असेल तर कारण सांगा; तारीख द्या; आणि तीही देववत नसेल, तर ज्यास दाखविण्याची हौस आहे अशा दुसऱ्याच्या हातीं ती वाजवी किंमतीस सोंपवा.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं शेवटीं एक विनंति केली. त्यांच्याही कपाटांत एक हस्तलिखित आहे. तरुणपणीं तें एका प्रकाशकानें स्वीकारलें, जाहिरात केली, आणि छापतों-छापतों म्हणत कित्येक वर्षें अडकवून मग परत पाठविलें. त्या वर्षांत पुस्तक केव्हां निघणार म्हणून विचारणारीं चार-दोन पत्रें त्यांस येत असत. तीं पत्रें लिहिणारांस आपण तेव्हां हास्यास्पद म्हटलें होतें काय, एवढें त्यांनीं आठवून पाहावें, असें आम्हीं म्हटलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “तीं पत्रें अजून माझ्याजवळ आहेत.”