नवजात बाळांच्या थायरॉइड तपासणीबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

जन्मतःच थायरॉइडची कमतरता असलेल्या मुलांच्या आईवडिलांची ही संघटना. भारतात साधारण हजार बाळांमागे एकाला हा विकार असतो. जन्मावेळी यातली बहुतेक बाळे धडधाकट दिसतात, डॉक्टरांनाही संशय येत नाही. पुढे बाळ जास्त झोपते, कमी रडते, कावीळ रेंगाळते, शौचाला होत नाही. घरात मात्र ‘किती गुणी आहे, रात्री उठवत नाही’ असे कौतुक चाललेले असते. आजार डोळ्यांना दिसेपर्यंत मेंदूचे नुकसान होऊन जाते आणि ते मग कोणत्याही औषधाने भरून येत नाही. तेच औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर मूल चारचौघांसारखे वाढते, शिकते. औषध तरी काय, लेव्होथायरॉक्सिनची गोळी, चुरून आईच्या दुधातून रोज द्यायची.

टाचेतून रक्ताचे काही थेंब टिपकागदाच्या कार्डावर घ्यायचे, वाळवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे, एवढीच ही तपासणी. कॅनडातल्या क्विबेकमध्ये झाँ दुसो यांनी 1970च्या दशकात ती रुजवली. शेजारच्या गोव्याने 2008 मध्ये सुरुवात केली, केरळने सरकारी रुग्णालयांत ती आणली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि त्याच्या आजारांच्या यादीत हा विकार आहे. तरीही राज्यातल्या प्रत्येक बाळापर्यंत तपासणी पोचलेली नाही. पैसे मोजणाऱ्यांच्या बाळांची होते, बाकीच्यांचे नशीब.

आमची पहिली मागणी उघड आहे: सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रसूतिगृहात ही तपासणी मोफत आणि सक्तीची करा. नमुना 48 ते 72 तासांच्या दरम्यान घ्यावा. जन्मानंतर लगेच टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, आपोआप चढलेले असते, त्यामुळे घाईने घेतलेला नमुना निरोगी बाळालाही आजारी ठरवू शकतो. जी बाळंतीण आधीच घरी गेली, तिच्याकडे आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी जातातच. राहिलेले बाळ शोधून परिचारिकेपर्यंत आणण्याचे काम त्यांना द्यावे, आणि त्याचा वेगळा मोबदलाही द्यावा. फुकटची कामे त्यांच्या माथी पुष्कळ आहेत.

परिचारिकांना प्रत्यक्ष हाताने करून शिकवा. वर्तुळ एकाच बाजूने भरायचे, थेंबावर थेंब चढवायचा नाही, कार्ड आडवे ठेवून उन्हाबाहेर तीन-चार तास वाळवायचे. कोकणातल्या जुलैत हे किती अवघड जाईल ते वेगळे सांगायला नको. तिथे ओल शोषणाऱ्या पुड्या आणि हवाबंद पिशव्या कमी पडता कामा नयेत. आठवडाभराची कार्डे साठवून एकदम पाठवण्याची सवय मात्र लागू देऊ नका.

सगळ्यात मोठी अडचण त्यानंतर येते. पहिले बाळंतपण माहेरी होते. कार्डावर पत्ता सासरचा आणि मोबाइल नवऱ्याचा. बारसे व्हायचे असल्याने बाळाला नावही नसते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा तर पत्ताच दर पंधरवड्याला बदलतो. अशा वेळी प्रयोगशाळेने अहवाल वेळेत दिला, तरी तो बाळापर्यंत पोचत नाही. म्हणून कार्डावर माहेरचा पत्ता, दोन मोबाइल क्रमांक आणि आशाताईचे नाव असावे. संशयित अहवाल कागदाने न पाठवता त्याच दिवशी फोनवर कळवावा. प्रत्येक जिल्ह्यात यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा. बाळ सापडेपर्यंत त्याची सुटका नाही. खात्रीसाठी शिरेतले रक्त घेतले की, पहिल्या तपासणीचे आकडे फार चढलेले असल्यास, दुसऱ्या अहवालाची किंवा सोनोग्राफीची वाट न पाहता गोळी सुरू करावी. 25 मायक्रोग्रॅमची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळावी. अपुऱ्या दिवसांच्या आणि जुळ्या बाळांची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा व्हावी.

दरवर्षी जिल्हावार आकडे जाहीर करताना किती कार्डे गोळा झाली याबरोबरच पहिली गोळी बाळाला कितव्या दिवशी मिळाली हेही छापावे. येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि त्याआधी आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावा, ही विनंती.

आपले,
संघटनेच्या कार्यकारिणीतर्फे