शिबिराचें अंथरूण

हिवाळा जवळ आला कीं शिबिराची चर्चा सुरू होते, आणि पाठोपाठ पालकांच्या हातीं खरेदीची यादी पडते. यंदा तींत झाडांस बांधावयाची झोळी, निजण्याची विलायती थैली व मेणकापडी छत हीं आलीं. ती वाचून माझ्या वर्गांतील एका मुलानें 'मला शिबिराची आवड नाहीं' असें सांगितलें. खरें कारण त्याच्या डोळ्यांत दिसत होतें. म्हणून हे दोन शब्द.

झोळी आपणांस नवी नव्हे. शेतांत राबणारी माता लेंकराला निंबाच्या फांदीस झोळी बांधूनच निजविते. मात्र मोठ्या मनुष्यानें तींत निजतांना एक गोष्ट ध्यानांत धरावी : थंडी खालून लागते. वारा पाठीखालून वाहतो, आणि अंगाच्या भारानें अंथरुणांतील हवा दबते. ऊब राखणारी ती हवाच होय. पहिल्या रात्रीं मीं दोन्हीं पांघरुणें वर घेतलीं आणि पहाटेपर्यंत कुडकुडत पडलों. दुसऱ्या रात्रीं त्यांतील एक खालीं अंथरिलें व सुखानें निजलों.

आतां हें सारें विकतच आणिलें पाहिजे काय? दख्खनी मेंढ्यांच्या लोंकरीचें घोंगडें आपल्या मुलखांतील धनगर पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत. तें ओलसर झालें तरी बरीच ऊब देतें. खालीं घोंगडें व वर आईनें जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, एवढें जालन्याच्या पौषांतील रात्रीस पुरे. गोधडी सुती असल्यानें तिला दंवापासून जपावें. छतास शेतावरील ताडपत्री चालते. झोळीच्या वर दोरी ताणून ती टाकावी, दोन्हीं टोकांस हातभर अधिक ठेवावी, आणि वाऱ्याची बाजू खालीं ओढून बांधावी. छताच्या आंत झोळीच्या दोरीस चिंधी बांधिली, म्हणजे दोरीवरून ओघळणारें पाणी तेथेंच ठिबकतें. वाळलेल्या फांदीखालीं झोळी कधींही बांधूं नये.

घोंगडें जड असतें, हा आक्षेप खरा. पाठीवर ओझें घेऊन डोंगर चढणाऱ्यास हलकी थैलीच सोयीची. परंतु आपलें शिबिर गाडीनें जातें.

१९०७ सालीं बेडन-पॉवेल ह्यांनीं ब्राउनसी बेटावर भरविलेल्या शिबिरांत श्रीमंतांचीं व कामकऱ्यांचीं मुलें एकत्र राहिलीं. तोच हेतु आपला असेल, तर शाळेनें यादींत 'घरचें अंथरूण-पांघरूण' एवढेंच लिहावें. झोळ्या जाड कापडाच्या एकदांच शिवून घ्याव्या, व ताडपत्र्या स्वतः पुरवाव्या. आणि मुलांनो, आईच्या गोधडीची लाज वाटूं देऊं नका. ज्या प्रभूच्या नांवानें ही शाळा उभी आहे, त्यानें सोबती निवडतांना कोणाचें अंथरूण पाहिलें नाहीं.