आदेश आणि स्थान : जुन्या गाडींत डिझेलचें इंजिन

निवृत्त शिक्षकाच्या ओसरीवर मुलांच्या परीक्षा, सोयरिकी आणि वांटणीचे कागद यांखेरीज दुसरा विषय क्वचितच येतो. अलीकडे मात्र सेलूंतील एका परिचित एकत्र कुटुंबानें आमच्यापुढें निराळाच वाद आणून ठेविला. त्यांच्या घरीं विलिस वंशाची, पेट्रोलवर चालणारी, मागें मालाचा हौदा असलेली जुनी गाडी आहे. ती वडिलांनीं घेतलेली. दुधनेच्या काठच्या शेतांतला कापूस कित्येक वर्षें तिनेंच बाजारांत आणला. धाकटे बंधु म्हणतात, पेट्रोल परवडत नाहीं, तेव्हां भंगारांत निघालेल्या एखाद्या गाडीचें डिझेल इंजिन घेऊन हिच्यांत बसवावें. मधले बंधु म्हणतात, विकून मोकळें व्हावें. थोरल्यांचें मत असें कीं, वडिलांच्या गाडीस हातच लावूं नये. पैसा समाईक, गाडी समाईक, आणि तींत बसणारीं मुलेंमाणसेंहि समाईक. त्यामुळें वाद विकोपास जाण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. परंतु जाणत्या मिस्त्रींस विचारून आणि कायद्याचीं कलमें वाचून जें समजलें, तें येथें मांडीत आहों. कारण हा प्रश्न एकाच घराचा नाहीं.

व्याकरण शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांस आगम आणि आदेश यांतील भेद सांगत असूं. आगम मित्रासारखा येऊन शेजारीं बसतो. आदेश शत्रूसारखा येतो आणि मूळच्यास उठवून त्याच्या जागीं बसतो. अस् धातूच्या जागीं कांहीं ठिकाणीं भू येतो, तो असा आदेश होय. पाणिनीचा नियम असा कीं, आदेश ज्याच्या स्थानीं आला त्याच्यासारखाच तो समजावा. म्हणून अस् जसा धातु, तसा भू हाहि धातु. धातूस लागणारे प्रत्यय त्यासहि लागतात. पण या नियमास एक मर्यादा आहे. जें कार्य मूळच्या वर्णांवरच अवलंबून असेल, तेथें हा वारसा चालत नाहीं. इंजिन बदलूं पाहणाऱ्या गृहस्थानें ही मर्यादाच ध्यानांत धरावी. गाडी ओढण्याचा अधिकार नव्या इंजिनास मिळतो. परंतु जुन्याचें वजन, त्याच्या फेऱ्या, त्याचा कंप आणि त्याची उष्णता यांवर बेतलेल्या ज्या ज्या गोष्टी गाडींत आहेत, त्यांचा वारसा त्यास मिळत नाहीं. त्या एकेक करून नव्यानें जुळवाव्या लागतात, आणि खर्च व धोका दोन्ही तेथेंच दडलेले असतात.

लोकांची समजूत घोटाळ्यांत पडण्यास कारणहि आहे. विहिरीवरची मोट जाऊन ऑइल इंजिन आलें. पुण्यास १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीचीं इंजिनें गांवोगांवच्या विहिरींवर धडधडूं लागलीं, आणि विहिरीस त्यासाठीं कांहीं बदलावें लागलें नाहीं. आमच्या स्टेशनावरून जाणाऱ्या निजामाच्या काळच्या लोहमार्गावर वाफेचें इंजिन जाऊन डिझेलचें आलें, तेव्हांहि मागचे डबे तेच राहिले. या दोन्ही ठिकाणीं इंजिन निराळें उभें असतें किंवा पुढें जोडलेलें असतें. मोटारींत तें अंगाचाच भाग असतें. त्याचें खरें साम्य आहे रुळांची रुंदी बदलण्याशीं. १९९० नंतरच्या दशकांत मनमाड-परभणी मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, तेव्हां रूळ, त्यांखालचे स्लीपर, इंजिनें आणि डबे हें सारेंच बदलावें लागलें. मोटारीचें इंजिन बदलणें हें त्या जातीचें काम आहे.

पेट्रोलच्या इंजिनांत हवा आणि इंधन यांचें मिश्रण दाबून ठिणगीनें पेटवितात. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यास १८९३ सालीं ज्या यंत्राचें पेटंट मिळालें आणि १८९७ सालीं जें त्यानें आउग्सबुर्ग येथें यशस्वीपणें चालवून दाखविलें, त्यांत नुसती हवाच दाबतात. ती इतकी तापते कीं, तींत फवारलेलें इंधन ठिणगीवांचून पेट घेतें. महायुद्धकाळांतील विलिस जीपच्या इंजिनांत मिश्रण मूळ आकारमानाच्या सुमारें साडेसहाव्या हिश्शापर्यंत दाबलें जाई. डिझेलमध्यें हवा सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबावी लागते. एवढा दाब सोसण्यास इंजिनाचें अंग जाड आणि भक्कम हवें. म्हणून डिझेल इंजिन वजनदार, धडधडणारें आणि कमी फेऱ्यांचें असतें. आणि त्याच कारणानें तें थोड्या फेऱ्यांत मोठा ओढा देतें व इंधन काटकसरीनें वापरतें. गुण आणि दोष एकाच मुळापासून फुटलेले आहेत. एक घेऊन दुसरा टाळतां येत नाहीं.

आतां वारसा कोठें कोठें तुटतो तें पाहूं. वजन वाढलें म्हणून पुढचे पाटे आणि इंजिनाच्या रबरी बैठका बदलाव्या लागतात. न बदलल्यास गाडी पुढें झुकते, स्टिअरिंग जड होतें, आणि कालांतरानें चॅसीस भेगा पडतात. नव्या इंजिनाचीं व जुन्या गिअरबॉक्सचीं भोकें जुळत नाहींत, म्हणून मध्यें लेथवर कातलेली तबकडी घालतात. ती केसभर जरी तिरपी बसली, तरी क्लच आणि बेअरिंग अकालीं झिजतात. विलिसच्या क्राउन-पिनियनचें प्रमाण ४.८८ होतें, म्हणजे चाकाच्या एका फेरीस दांड्याच्या जवळजवळ पांच फेऱ्या. कमी फेऱ्यांच्या इंजिनामागें तें तसेंच ठेविलें, तर गाडी चिखलांतून ओझें ओढील, पण हमरस्त्यावर रखडेल. स्टार्टर आणि बॅटरी जोरकस हवी, रेडिएटर नव्या इंजिनाच्या मापाचा हवा, डिझेलची गाळणी आणि टाकीकडे परत जाणारी नळी नव्यानें घालावी लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. कित्येक पेट्रोल गाड्यांचे ब्रेक इंजिनाच्या शोषणाची मदत घेतात. डिझेल इंजिनांत तसें शोषण मिळत नसल्यामुळें निराळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. तो वगळला तर पायाखालचा ब्रेक दगडासारखा होतो. मूळ गाडींत अशी मदत नसेल, तर वाढलेल्या वजनासाठीं ब्रेकच सुधारून घ्यावे लागतात. गॅरेजवाले जो आंकडा प्रथम सांगतात, त्यांत हें काम पुष्कळदां धरलेलें नसतें. गृहस्थानें तें आधीं विचारावें. कारण इतर चुकांची भरपाई पैशानें होते, या एका चुकीची होत नाहीं.

हें काम अशक्य आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९४७ सालापासून पेट्रोलवरच्या विलिस जीप जुळविल्या. पुढें १९७० नंतरच्या दशकांत तिनेंच आपल्या जीपमध्यें ट्रॅक्टरच्या वंशाचें २३५० घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन घातलें, आणि १९७९ सालीं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं करार करून एक्स. डी. पी. ४.९० हें इंजिन बनविण्याचा परवाना मिळविला. कारखान्यानें स्वतःच आदेश केला म्हणावयाचा! पण कारखान्याजवळ नकाशे होते, मापें होतीं, आणि जोडींतले इतर भाग नव्यानें ठरविण्याची सोय होती. आपल्याकडील चांगले मिस्त्री जुन्या जीपमध्यें याच घराण्याचीं इंजिनें पसंत करितात, तें उगाच नव्हे. शक्य तर इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स, त्याचाच क्लच आणि त्याचाच रेडिएटर घ्यावा, असें ते सांगतात. भलत्याच जातीचें इंजिन केवळ स्वस्त मिळालें म्हणून आणणें, हा पुढें महाग पडणारा व्यवहार आहे.

यानंतर कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें, निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल मालकास करतां येत नाहीं. गाडी दुसऱ्या इंधनावर चालविण्यासाठीं करावयाचा बदल विहित अटींवरच होतो. मान्यतेवांचून इंजिन बदललें गेलें असल्यास तें नोंदणी अधिकाऱ्यास १४ दिवसांच्या आंत कळवावें लागतें. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा अर्थ कडकपणें लाविला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें बेकायदा बदल करणाऱ्या मालकास दर बदलामागें ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. म्हणून इंजिन उतरविण्यापूर्वीं परभणीच्या परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबावें. जुनें इंजिन विकत घेतांना त्याचें बिल आणि तें ज्या गाडीचें होतें तिचे कागद मागून घ्यावे; चोरीच्या गाडीचा क्रमांक आपल्या दारीं येऊं देऊं नये. विमा कंपनीसहि बदल कळवावा. नोंद नसलेल्या इंजिनासह अपघात झाला, तर भरपाईचा वाद मालकाच्या गळ्यांत पडतो, आणि एकत्र कुटुंबांत त्याची झळ सर्वांसच लागते.

शेवटीं हिशेब. डिझेलचा मोह ज्या काळांत जडला, तो काळ आतां राहिला नाहीं. मे २०१२ मध्यें दिल्लींत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलें असतां डिझेल ४१ रुपयांच्या आंत होतें. पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणांतून जून २०१० मध्यें आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्यें मुक्त झाले, आणि दोहोंतील अंतर पुष्कळ कमी झालें. आमच्या जिल्ह्यास इंधन दूर मनमाडहून टँकरनें येतें, त्यामुळें येथें दोन्ही महाग. आतां डिझेलचा लाभ मुख्यतः त्याच्या ॲव्हरेजमध्यें आहे, भावांत तितका नाहीं.

या कुटुंबाच्या वादांत खरा प्रश्न विचारला तो थोरल्या वहिनींनीं. "गाडी वर्षाला चालते किती?" असें त्यांनीं विचारलें, तेव्हां तिघेहि बंधु गप्प झाले. आम्हीं पाटी घेऊन हिशेब मांडला. आंकडेमोड सोपी व्हावी म्हणून पेट्रोल १०४ रुपये व ॲव्हरेज ८ किलोमीटर धरलें, तर किलोमीटरला १३ रुपये पडतात. डिझेल ९१ रुपये व ॲव्हरेज १३ धरलें, तर ७ रुपये. बचत किलोमीटरमागें ६ रुपये. इंजिन, पाटे, ब्रेक, जोडकाम, मजुरी आणि कागदपत्रें मिळून दीड लाख रुपये धरले, तर ते वसूल होण्यास गाडी २५,००० किलोमीटर चालली पाहिजे. शेत १२ किलोमीटरवर. आठवड्यांतून दोन खेपा म्हणजे वर्षास सुमारें २,५०० किलोमीटर. दहा वर्षें झालीं! खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. म्हणजे पैसे वसूल होण्यापूर्वीं ही जुनी गाडी दोनदां परीक्षेस बसणार. हीच गाडी भाड्याच्या कामावर वर्षाला १५,००० किलोमीटर धांवती, तर वीस महिन्यांत खर्च निघाला असता, आणि धाकट्या बंधूंचें म्हणणें आम्हीं उचलून धरिलें असतें. पण भाड्याचें काम करावयाचें तर परवानाहि निराळा लागतो.

धाकट्या बंधूंचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. आतां पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल असतें, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व पडदे त्यानें लवकर खराब होतात. त्यावर उपाय इंजिन बदलण्याचा नव्हे. नळ्या, कार्बुरेटरचे पडदे आणि पंपाची रबरें इथेनॉल सोसणारीं घालावीं, ठिणगीची वेळ नीट करून घ्यावी, आणि दर पावसाळ्यापूर्वीं ब्रेक तपासावे. हा खर्च दीड लाखापुढें अगदींच किरकोळ होय.

आमचा अभिप्राय तिघांसहि सारखाच कडू लागला. थोरल्यांस आम्हीं सांगितलें कीं, वडिलांची वस्तु म्हणून ती हात न लावतां ठेवणें हें तिचें रक्षण नव्हे. जुने ब्रेक म्हणजे वडिलांची आठवण नाहीं. मधल्यांस सांगितलें कीं, समाईक वस्तु विकण्याची घाई हिशेबापूर्वीं करूं नये. धाकट्यांस सांगितलें कीं, इंजिन बदलण्याची हौस असेल, तर वर्षभर किलोमीटरची वही ठेवावी आणि परिवहन कार्यालयाचें लेखी उत्तर मिळवावें. दोन्ही अनुकूल निघालीं तर पुढल्या वर्षीं पुन्हां बसूं. धाकट्यांनीं वही घातली आहे. पहिल्या पानावर त्यांनीं आरंभींचें किलोमीटर लिहिलें असून त्याखालीं तिघांच्याहि सह्या आहेत. ब्रेकचें काम दसऱ्यापूर्वीं व्हावयाचें ठरलें आहे, आणि त्याचा खर्च तिघांनीं सारखा वांटून घेतला आहे.